लेकीच्या घरचं

“शेवटी विकायचीच आहे ना कंपनी?” मनवा मॅडमनी विचारलं आणि आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो.

पुण्यातलं काचेचं ऑफिस होतं ते. नवीन धंदा करणाऱ्यांना तिथं फुकट सल्ला मिळतो असं भावजींनी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून तासगावहून पहाटेची एसटी धरून आम्ही आलो होतो. मॅडम माझ्याहून वयानं चांगल्याच लहान, पण बोलणं असं की समोरच्यानं आपोआप सरळ होऊन बसावं.

“विकायची?” भावजी म्हणाले. “अजून धड चालायला पण लागली न्हाई, मॅडम.”

“म्हणूनच आत्ता ठरवायचं.”

भावजी म्हणजे प्रमोद, माझे धाकटे दीर. कंपनी त्यांची आणि माझी. म्हणायला कंपनी, गावाबाहेर भाड्याचा पत्र्याचा गाळा, डबे जोडणाऱ्या चार-पाच मुली आणि आम्ही दोघं. आमचे हे जतकडं शाळेवर मास्तर. ते शनिवारी यायचे, गाळ्यात एक चक्कर मारायचे आणि “चाललंय का?” एवढंच विचारायचे. आता या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली.

डबा मात्र खरोखर गुणाचा होता. आमच्याकडं द्राक्षांचा बेदाणा करतात. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत घालतात, आणि नेमकी त्या दिवसांत हवा ओली झाली की माल काळा पडतो. वेळेवर शेडचे पडदे पाडले तर वाचतो, पण हवा ओली व्हायला लागलीय हे माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. भावजींचा डबा ते आधी ओळखायचा आणि शेडवाल्याच्या मोबाईलवर मेसेज टाकायचा. एवढंच त्याचं काम. पण या एवढ्याशा कामापायी भावजींनी चांगली नोकरी सोडली होती, लग्नाचं वय मागं टाकलं होतं, आणि मुलीकडचे “करतात काय?” म्हणून विचारायला लागले की ते त्यांना डबा उघडून दाखवायचे. त्यातलं एकही स्थळ पुन्हा आलं नाही.

“तुम्ही दोघं गावोगाव फिरून डबे टांगताय,” मॅडम म्हणाल्या. “बिघडला की दुरुस्तीलाही तुम्हीच जाताय. असं किती पुरणार? ज्याच्याकडं माणसं आहेत, गाड्या आहेत, शेतकऱ्यांचं मोठं जाळं आहे, अशा कुणाच्या हातात गेला तरच हा डबा जगेल. नाहीतर तुम्ही थकाल त्या दिवशी तोही बंद.”

ते खरं होतं.

“मग करायचं काय?” मी विचारलं.

“सल्लागार नेमा. आणि नेमताना असा माणूस बघा, जो उद्या तुमची कंपनी घेऊ शकेल. त्याला आतून सगळं बघू दे. चांगलं-वाईट, सगळं. हळूहळू त्याला ते आपलं वाटायला लागलं पाहिजे. मग तुम्हाला विकायला जावंच लागत नाही. तोच विचारतो.”

“आपलं वाटायला लागलं पाहिजे,” भावजींनी मान डोलावत पुन्हा म्हटलं. देवळात पुजाऱ्यामागून मंत्र म्हणावा तसं.

परत येताना गाडीत आमची उमेदवारांची निवड सुरू झाली. सांगलीचे एक निवृत्त प्रोफेसर भावजींना फार मानायचे.

“सल्ला झकास देतील,” मी म्हणाले, “पण घेतील कुठनं? पेन्शनीतनं?”

मिरजेचे एक कारखानदार होते, पण त्यांना स्वतःचीच दोन पोरं मार्गी लावायची होती. असं करत करत कऱ्हाड मागं पडलं, आणि मग आम्ही दोघांनी जवळजवळ एकदमच नाव घेतलं. भूपाल मगदूम. अण्णा.

अण्णांची दोन कोल्ड स्टोरेज होती. आमच्या भागातला निम्मा बेदाणा त्यांच्याकडं ठेवायला यायचा, आणि तो ठेवणाऱ्या प्रत्येक शेडवाल्याला ते नावानं हाक मारायचे. त्यांनी नुसतं “हा डबा लावा रं” म्हटलं असतं तर हंगामात आमचे सगळे डबे खपले असते. याहून चांगलं गिऱ्हाईक देवानं घडवलं असतं तरी मिळालं नसतं.

भेटायला गेलो तेव्हा अण्णा केबिनमध्ये समोर बेदाण्याचं ताट घेऊन एकेक दाणा बोटांनी दाबून बघत होते. साठीचा माणूस, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, आणि आवाज असा हळू की पुढं वाकून ऐकावं लागायचं. भावजींनी सगळं समजावून सांगितलं.

“सल्लागार म्हंजी करायचं काय असतंय?” अण्णांनी विचारलं.

“महिन्यातनं एकदा यायचं, बघायचं, चुकत असंल तर सांगायचं,” मी म्हणाले. “त्याबद्दल कंपनीचे थोडे शेअर तुमच्या नावावर करू आम्ही.”

“चुकतंय हे सांगाया शेअर कशाला पायजेत? येतो की.”

आणि ते खरंच आले. महिन्यातनं एकदा कसले, मनात आलं की येऊन बसायचे. पहिल्याच दिवशी डबा हातात घेऊन म्हणाले, “वायर खालनं काढलीय न्हवं? उंदीर ठेवणार न्हाईत. वरनं काढा.” आम्ही वरून काढली आणि निम्म्या तक्रारी थांबल्या. दुसऱ्या खेपेला म्हणाले, “मेसेज वाचतंय कोण? शेडवर सगळी चष्मा घरात ठिवून येत्यात. फोन वाजू दे आणि बोलू दे त्यातनं.”

“कुणाचा आवाज घालायचा?” भावजींनी विचारलं.

“ज्याचं समदी ऐकत्यात त्याचा.”

म्हणजे कुणाचा, ते आम्हाला काकींना बघितल्यावर कळलं. काकी म्हणजे अण्णांच्या पत्नी. अण्णा जेवढे हळू बोलायचे तेवढ्याच काकी मोठ्यानं. त्यांच्या हाकेला रस्त्यावरचा माणूस जागच्या जागी थांबायचा. भावजींनी मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला आणि काकींनी एका दमात सांगितलं, “हवा वली झालीया, पडदं पाडा बघू आधी, जेवण मागनं.” जेवणाचं आम्ही सांगितलं नव्हतं, त्यांनीच घातलं. त्या हंगामात सगळ्या शेडवर काकींचा आवाज वाजायला लागला. लोक कौतुकानं सांगायचे की डबा नुसता सांगत नाही, दटावतो.

मॅडमनी सांगितलेलं “आपलं वाटलं पाहिजे” आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यांच्या मनात दर तिमाहीची मीटिंग होती, अहवाल होते, असलं काहीतरी. आम्हाला माणूस आपला करायची एकच रीत ठाऊक होती. सणाला काही वेगळं केलं की आधी अण्णांकडं पोचायचं. त्यांच्या घरी कार्य असलं की मी आदल्या दिवसापासून पदर खोचून तिथं. काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांच्या सुना परदेशात, मग मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ मीच राहिले. पहिल्या दिवशी भावजींनी मला स्टँडवर सोडलं आणि म्हणाले, “वहिनी, कंपनीचं काम समजून जावा.” मी तसंच समजून गेले. नंतरच्या दिवशी काकींनी वेणी घालून मागितली. त्यांचे केस विंचरताना त्या आपल्या सासूच्या तक्रारी सांगत होत्या, मी माझ्या सांगत होते, आणि हसताना पाय हलून त्यांचे टाके दुखायला लागले तेव्हा नर्स येऊन आम्हाला दोघींना रागावली.

मग आम्ही स्वतःचा गाळा घेतला. त्याची वास्तुशांत होती. हे आणि मी पूजेला बसलो. पूजा आटोपल्यावर माहेरचा आहेर करायची वेळ आली आणि गुरुजींनी सवयीनं विचारलं, “मुलीच्या माहेरचं कोण आहे?”

माझे आई-वडील मी कॉलेजात असतानाच वर्षभराच्या अंतरानं गेले. भाऊ-बहीण कुणी नाही. लग्नसुद्धा मामांनी लावून दिलं आणि पुढं तेही राहिले नाहीत. असा प्रश्न आला की मी खाली बघायची आणि तो टळायची वाट बघायची. त्या दिवशीही तेच केलं.

“माहेरचं न्हाई व्हय कुणी हिचं?” मागून काकींचा आवाज आला. काकी काठी टेकत पुढं आल्या. “मी हाय की. आवं, बघत काय बसलाय, उठा.”

हे त्या अण्णांना म्हणाल्या. अण्णा उठले. ड्रायव्हरला बाजारात पिटाळून काकींनी साडी मागवली, तोवर सगळ्यांना थांबवून ठेवलं, आणि माझी ओटी भरली. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “आजपासनं आमची लेक,” एवढंच म्हणाले. तेही इतकं हळू की फक्त मलाच ऐकू आलं असावं. मी रडले. चारचौघांत मी कधी रडत नाही, पण त्या दिवशी मला आवरलं नाही.

पंगत उठल्यावर भावजी मला कोपऱ्यात गाठून म्हणाले, “वहिनी, मॅडम म्हणाल्या त्याच्या पण पुढं गेलो की आपण. आता घेतल्याशिवाय राहतायत व्हय अण्णा?”

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मीही हसले.

त्यानंतर आम्ही वाट बघत राहिलो. अण्णा यायचे, बघायचे, चुकलेलं सांगायचे, जाताना माझ्या हातात काहीतरी ठेवून जायचे. भाजी, फळं, काकींनी दिलेली चटणी. घेण्याचा विषय काही त्यांच्या तोंडून निघेना. इकडं डबे वाढले तसा त्यांचा त्रासही वाढला. एक तालुका सावरावा तर दुसऱ्यातून फोन. भावजी मोटारसायकलवर दिवसभर फिरायचे आणि घरी आले की जेवणाच्या ताटावर डुलक्या घ्यायचे. त्यात बाहेरची एक कंपनी तसलाच डबा घेऊन बाजारात उतरली. त्यांचा डबा आमच्याइतका शहाणा नव्हता, पण त्यांच्या दुरुस्तीच्या गाड्या होत्या.

शेवटी भावजींनी खडा टाकून बघितला. “अण्णा, हा पसारा आमच्याच्यानं आता झेपत न्हाई. कुणीतरी मोठ्यानं घेतला तर बरं होईल.”

“घेतील की,” अण्णा म्हणाले. “जिन्नस चांगला हाय. थांब, मी बोलतो.”

आम्हाला वाटलं घरच्यांशी बोलतील. त्यांनी नाशिकला फोन लावला. तिथल्या एका मोठ्या कंपनीचे वडनेरे म्हणून गृहस्थ आठवड्यात हजर झाले. त्यांनी डबे बघितले, दोन शेडवर जाऊन आले, काकींचा आवाज ऐकून पोट धरून हसले. सगळं पसंत पडलं. कागद घेऊन येतो म्हणून गेले ते गेलेच. फोन केला तर आधी टाळाटाळ, आणि मग एकदाचं स्पष्ट बोलले.

“ताई, तुम्ही अण्णांच्या मानलेल्या मुलगी ना?”

“हो.”

“आणि ते तुमचे सल्लागारही. मग आम्हाला कशाला मध्ये घेताय? त्यांना बाहेरचा भाव काढून बघायचा असेल तर तसं सांगा, मी तोंडी आकडा सांगतो. पण अण्णांच्या ताटातलं आम्ही उचलणार नाही. आमचा माल त्यांच्याच स्टोरेजला असतो.”

“अहो, पण त्यांना नाही घ्यायचंय.”

“असं कसं होईल?” ते हसून म्हणाले. “एवढं घरचं झालेलं कुणी बाहेर जाऊ देतं का?”

मी कितीही सांगितलं तरी त्यांना ते पटलं नाही. मग कळलं की सगळ्या बाजारातच तसं बोललं जात होतं. ‘ते मगदुमांचंच आहे.’ जो कुणी घेणारा होता तो आम्हाला राम राम करून लांब उभा राहत होता, आणि ज्याचं म्हणून सगळे लांब उभे होते तो घेत नव्हता. मी डोक्याला हात लावून बसले. भांडायला जावं तर कुणाशी? सगळेच आमच्याशी चांगले वागत होते.

दिवाळी झाली. पुढचा हंगाम तोंडावर आला. एके दिवशी भावजी गाळ्यातल्या मुलींना लवकर घरी पाठवून माझ्यासमोर येऊन बसले.

“वहिनी, चाकणला एक जागा हाय. मित्रानं शब्द टाकलाय. संक्रांतीनंतर जातो म्हणतो.”

“आणि डबे?”

ते हातातला स्क्रूड्रायव्हर नुसता फिरवत बसले. धंद्याच्या सहा वर्षांत या माणसाला मी दमलेलं बघितलं होतं, चिडलेलं बघितलं होतं, पण असं विझलेलं कधीच नाही. मला ते बघवेना.

“चला,” मी म्हणाले. “अण्णांना सरळ विचारू. मी विचारते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. अण्णा सोप्यात पेपर वाचत होते. आत काकी धपाटी थापत होत्या. त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं की खाल्ल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मी अण्णांसमोर पाटावर बसले आणि एका दमात बोलले. आम्हाला आता चालवता येत नाही. बाहेरचं कुणी घ्यायला तयार नाही, कारण सगळे तुमचं समजतात. तुम्ही घेतलात तर डबा जगेल, भावजी जगतील. तुम्ही घ्या.

अण्णांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

“शैला,” ते म्हणाले, “तुला मला न्हाई म्हणायला लावू नगंस.”

“पण का अण्णा? डबा चांगला न्हाई?”

“मीच म्हटलंय की चांगला हाय म्हणून. पण लेकीच्या घरचं घेत्यात व्हय कुणी? माझ्या आज्जानं लेकीच्या गावात पाण्याचा घोट घेतला न्हाई कधी. मी तेवढं पाळत न्हाई. पण तुझा धंदा घ्यायचा, त्याच्यावर आम्ही मिळवायचं, आणि तुला वर तोंड करून विचारायचं की बाई सुखात हाईस का? ते माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. पैसे पायजेत तर उचल. परत देऊ नगंस. पण घेतो म्हणू नगंस मला.”

“पैशानं न्हाई भागायचं, अण्णा. माणसं पायजेत, गाड्या पायजेत. कायमचं बघणारं पायजे कुणीतरी.”

“ते खरं हाय,” अण्णा म्हणाले. “पर मी न्हाई.”

ज्या मायेच्या जोरावर मागायला आले होते, तीच माया आडवी येत होती. आणि त्यांचं म्हणणं मला मनातून पटतही होतं. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात भावजी बोलले. जीव टांगणीला लागलेल्या माणसाला आपण काय बोलतोय ते कळत नाही.

“अण्णा, असं करू नगासा. तुम्हाला सल्लागार केलंच होतं त्यासाठी.”

“कशासाठी?”

“घ्यावं म्हणून. पुण्याच्या मॅडमनी सांगितलं होतं. जो उद्या घेणारा हाय त्यालाच सल्लागार करा, त्याला आपलं वाटू द्या, मग तोच विचारतो. आम्ही सगळं तसंच केलं. एवढं केल्यावर तुम्हीच न्हाई म्हणालासा तर आम्ही जायचं कुणाकडं?”

मी भावजींचा हात धरला, पण शब्द बाहेर पडून गेले होते. भाबडेपणानं बोलत होते बिचारे. आपण किती मनापासून प्रयत्न केला, हेच त्यांना सांगायचं होतं.

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. ते माझ्याकडं बघत होते.

“पहिल्या दिवसापासनं?” त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. पण त्या नजरेपुढं माझी मान होकारासाठी हलली.

“हिचा आवाज घेतलासा, ते?”

“न्हाई अण्णा, ते तर तुम्हीच...”

“दवाखान्यात राहिलीस, ते?”

आतला धपाट्याचा आवाज थांबला होता. काकी दारात येऊन उभ्या होत्या, दोन्ही हात पिठानं भरलेले.

“अण्णा, ते तसं नव्हतं,” मी म्हणाले.

“कधीपासनं नव्हतं?”

हा प्रश्न त्यांनी रागानं विचारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी खरंच उत्तर हवं म्हणून विचारला. मी डोक्यात शोधायला लागले. वेणी घातली तेव्हापासून? ओटी भरली तेव्हापासून? त्याच्याही आधीपासून, त्यांनी वायर वरून काढायला सांगितली तेव्हापासून? कुठलाही दिवस सांगितला तरी त्याच्या आदल्या दिवसाचं मी काय सांगणार होते? होतं ते सगळं खरं होतं, पण कुठून खरं झालं ते मला सापडेना.

ज्यांचा आवाज दोन गल्ल्यांत जायचा, त्या काकी काही न बोलता आत गेल्या. भांड्यात हात धुतल्याचा आवाज आला.

अण्णांनी पेपर पुन्हा उचलला, चष्मा लावला, आणि शांतपणे म्हणाले, “मग आता घ्यायला हरकत न्हाई. वकिलाला सांगतो. तुमचे कागद घेऊन या.”

तुमचे, म्हणाले. ‘तुझे’ नाही.

बाहेर आल्यावर भावजींनी आभाळाकडं बघून हात जोडले. “झालं, वहिनी! आपलं काम झालं!” त्यांचे डोळे भरून आले होते. पुढं मोटारसायकलवर बसेपर्यंत ते बोलत होते. मुलींना आज पेढे देऊ, दादाला फोन करू, चाकणला नाही कळवू. मी “हो, हो” म्हणत होते. त्यांना काही सांगावं असं मला वाटलं नाही, आणि सांगायचं तरी काय होतं?

व्यवहार चोख झाला. अण्णांना आमची सगळी लंगडी बाजू ठाऊक होती, पण त्यांनी तिचा फायदा घेतला नाही. भाव रास्त दिला. भावजींना त्याच कामावर ठेवलं, वर दोन गाड्या आणि पाच माणसं दिली. गाळ्यातल्या एकाही मुलीला काढलं नाही. त्यांनी कुठं थोडी घासाघीस केली असती, एखादा कडू शब्द बोलले असते, तर मलाही मनातल्या मनात चार शब्द बोलून घेता आले असते. तेवढीही जागा त्यांनी ठेवली नाही. मधल्या दिवसांत मी दोनदा काकींना फोन केला. दोन्ही वेळा मोलकरणीनं उचलला आणि बाई देवळात गेल्यात म्हणाली.

सह्या सांगलीला वकिलांच्या ऑफिसात झाल्या. वकील बिरनाळे अण्णांचे जुने ओळखीचे. वास्तुशांतीच्या पंगतीला ते जेवायलाही होते. टेबलाच्या एका बाजूला अण्णा आणि त्यांचा मॅनेजर, दुसऱ्या बाजूला भावजी आणि मी. वकील एकेक कलम वाचायचे, दोन्हीकडं बघायचे आणि पुढं जायचे. मधेच त्यांनी चष्मा वर केला.

“हे एक विचारावं लागतंय. घेणारा आणि देणारा, यांच्यात आपसांत काही नातं? असलं तर तसं नमूद करायला पायजे.”

“न्हाई,” अण्णा म्हणाले.

बिरनाळे वकील थोडे घुटमळले. “रक्ताचं न्हाई ते मला म्हाईत हाय, अण्णा. पण मी म्हणत होतो, मानलेलं...”

“न्हाई म्हटलं की.”

“बरं. मॅडम, तुमच्याकडनं पण तोंडी आलं पायजे. दोन्ही बाजूंनी घ्यायचं असतंय.”

अण्णांनी सहीसाठी पेन उघडून हातात धरलं होतं. ते कागदाकडं बघत होते. माझ्या शेजारी भावजी बसले होते. टेबलाखाली त्यांचा पाय हलत होता. लेकीच्या घरचं अण्णा घेत नाहीत, हे मला आता नीट कळलेलं होतं. मी ‘आहे’ म्हटलं असतं तर ते पेन बंद करून उठले असते.

अण्णांचा हात कागदावर तसाच थांबला होता. ते वर बघत नव्हते, आणि सहीही करत नव्हते.

“सांगा, मॅडम,” वकील म्हणाले. “काही नातं?”

“नाही,” मी म्हणाले.

वकिलांनी ते लिहून घेतलं आणि अण्णांनी सही केली.